दुसऱ्याचा डेक कसा उचलायचा: मॅजिक अरीनात नव्याने येणाऱ्यांसाठी

मॅजिक अरीनात, म्हणजे मॅजिक: द गॅदरिंग या कार्डांच्या खेळाच्या ऑनलाइन रूपात, आठ-पंधरा दिवस स्वतः जुळवलेला डेक (खेळायच्या कार्डांचा गठ्ठा) घेऊन मार खाल्ला की कुणीतरी सांगतंच, "कशाला डोकं लावतोस, नेटवरून एखादा चांगला डेक उचल की." काहींना ते चोरीसारखं वाटतं, म्हणून ते हरत राहतात आणि महिन्याभरात खेळ सोडून देतात. काही जण लगेच उचलतात, जमवलेली सगळी वाइल्डकार्डं (ज्यांच्या बदल्यात हवं ते कार्ड मिळतं) एका रात्रीत उडवतात आणि तरीही हरतात. मग म्हणतात, डेकच भंकस होता. हा लेख या दोघांसाठी आहे.

ही चोरी नाही

दुसऱ्याची यादी घेऊन खेळण्याला खेळाडू नेटडेकिंग म्हणतात आणि ते कुठल्याही नियमात बसतं. प्रो टूरसारख्या मोठ्या स्पर्धांत तर समोर बसलेल्याला तुमची संपूर्ण यादी सामन्याआधीच दिली जाते. यादी उघडी असूनही चांगला खेळाडू जिंकतो, म्हणजे त्याचं बळ यादी लपवण्यात नव्हतंच. बुद्धिबळात सिसिलियन बचाव खेळणाऱ्याला आपण नक्कल करतो म्हणत नाही, तसंच हे.

मॅजिकच्या इतिहासातलं एक उदाहरण नवख्यांनी जरूर लक्षात ठेवावं. १९९६ मध्ये अटलांटातल्या एका पात्रता स्पर्धेत पॉल स्लाय नावाचा खेळाडू लाल रंगाचा डेक घेऊन दुसरा आला. त्यातली कार्डं बघून लोक चक्रावले. आयर्नक्लॉ ऑर्क्ससारखी, एरवी कुणी ढुंकूनही बघणार नाही अशी कार्डं त्यात होती. पण डेकमागची कल्पना जे श्नायडर यांची होती आणि तिच्यात पक्का हिशेब होता: एक मॅनाची (मॅना म्हणजे कार्ड खेळायला लागणारी किंमत, ती लँड नावाच्या कार्डांतून मिळते) इतकी, दोन मॅनाची इतकी, तीनची इतकी, म्हणजे दर टर्नला हातातला मॅना पुरेपूर खर्च व्हायला हवा. आज ज्याला आपण मॅना कर्व्ह म्हणतो, त्याचं हे गाजलेलं उदाहरण. यादी कुणीही कागदावर उतरवून घेऊ शकत होतं, पण तो हिशेब न कळता त्यातली ऑर्क्स काढून "भारी" कार्डं घातली असती तर डेक तिथेच मेला असता.

माझं म्हणणं एवढंच आहे: यादी जशीच्या तशी घ्या, आणि तिच्यातला प्रत्येक आकडा तसा का आहे हे कळेपर्यंत तिला हात लावू नका.

पायरी १: आधी फॉरमॅट, मग डेक

अरीनात स्टँडर्ड, अल्केमी, हिस्टॉरिक, टाइमलेस, ब्रॉल असे बरेच फॉरमॅट आहेत. प्रत्येकात वेगळी कार्डं चालतात. नवख्याने स्टँडर्डपासून सुरुवात करावी. चालू संचांची (संच म्हणजे एकत्र बाजारात येणारा नव्या कार्डांचा गट) पाकिटं उघडून मिळणारी कार्डं तिथे लगेच कामी येतात. अल्केमीत काही कार्डांचे गुण कंपनीने बदललेले असतात, त्यामुळे तिथली यादी स्टँडर्डमध्ये आणली तर नाव तेच पण कार्ड वेगळं, असा घोळ होतो.

दुसरा प्रश्न याहून महत्त्वाचा, आणि तो बहुतेक जण विचारतच नाहीत. यादी एका गेमच्या सामन्यासाठी आहे की तीनपैकी दोन जिंकायच्या सामन्यासाठी? मोठ्या स्पर्धांच्या याद्या बहुधा दुसऱ्या प्रकारच्या असतात. त्यांत ६० कार्डांच्या मुख्य डेकशिवाय १५ कार्डांचा साइडबोर्ड असतो आणि पहिल्या गेमनंतर त्यातून अदलाबदल करता येते. असा डेक पहिल्या गेममध्ये काही डेकांपुढे मुद्दाम कमजोर असतो, कारण त्याचा उतारा साइडबोर्डमध्ये ठेवलेला असतो. तीच ६० कार्डं एका गेमच्या रांगेत नेली तर औषध घरी ठेवून तुम्ही बाहेर पडलेले असता. फोनवर मधल्या वेळात एक-एक गेम खेळणार असाल, तर त्याच प्रकारासाठी बनवलेली यादी शोधा.

पायरी २: कुणाची यादी घ्यायची

एमटीजी गोल्डफिश, ईथरहब, अनटॅप्ड अशा साइटवर याद्यांचा खच पडलेला असतो. त्यातली निवडताना तारीख बघा. नवा संच येऊन गेला असेल किंवा एखाद्या कार्डावर बंदी आली असेल, तर त्याआधीची यादी सरळ सोडून द्या.

मग बघा, ती कशात जिंकली आहे. मॅजिक ऑनलाइन या अरीनाहून वेगळ्या, जुन्या प्रोग्रामवरच्या मोठ्या चॅलेंज स्पर्धांत क्रमांक लागतात, त्या याद्या भरवशाच्या. तिथल्याच लीगमध्ये पाचपैकी पाच सामने जिंकलेल्या याद्याही प्रसिद्ध होतात, पण त्या निवडून, वैविध्य दिसावं अशा बेताने. त्यामुळे एखादा विचित्र डेक त्या पानावर दिसला म्हणून तो चलनात आहे असं समजू नका.

सर्वांत फसवे असतात ते "७० टक्के विनरेट" असं लिहिलेले स्क्रीनशॉट. समजा डेक अगदी साधारण आहे, निम्मे गेम जिंकणारा. तरीही २० गेममध्ये १४ किंवा जास्त जिंकण्याची शक्यता सुमारे ६ टक्के असते. शंभर जणांनी असा डेक २०-२० गेम खेळला, तर पाच-सहा जणांकडे नुसत्या नशिबाने तो स्क्रीनशॉट तयार होईल, आणि टाकणारे तेच असतील. बाकीचे गप्प बसतील. आकड्याशेजारी गेमची संख्या नसेल तर तो आकडा विसरा. शंभर गेमनंतरही खरा विनरेट दिसतो त्याच्या दहा टक्के इकडे-तिकडे असू शकतो.

पायरी ३: इम्पोर्ट करण्याआधी यादी वाचा

बहुतेक नवखे इथेच घाई करतात. यादी कॉपी केली, पेस्ट केली, खेळायला बसले. खरं तर या पायरीवर अर्धा तास घालवा.

आधी लँड मोजा. आक्रमक डेकमध्ये ६० पैकी साधारण २० ते २२, सावकाश खेळणाऱ्या कंट्रोल डेकमध्ये २६-२७ सुद्धा सापडतील. "लँड कमी करून दोन-तीन चांगली कार्डं घालू" हा मोह जवळजवळ प्रत्येकाला होतो. आता हिशेब बघा. ६० कार्डांत २० लँड असतील, तर सुरुवातीच्या सात पानांत एक किंवा शून्य लँड येण्याची शक्यता सुमारे २५ टक्के. तीन लँड काढून १७ केल्या की तीच शक्यता ३५ टक्क्यांवर जाते. म्हणजे तीनात एकदा हात टाकावा लागेल किंवा रडत खेळावं लागेल. ज्याने यादी बनवली त्याने ही २५ टक्क्यांची जोखीमही विचार करूनच घेतली आहे, कारण त्याची कार्डं स्वस्त आहेत. (अरीना एका गेमच्या सामन्यात सुरुवातीचा हात थोडा सावरून देतं. म्हणून त्या प्रकारच्या याद्यांत लँड किंचित कमी दिसतात, आणि त्याच याद्या तीन गेमच्या सामन्यात नेल्या की अडखळतात.)

मग प्रत्येक कार्डाच्या किती प्रती आहेत ते बघा. ते आकडे मुद्दाम ठरवलेले असतात. ६० कार्डांत चार प्रती असतील, तर पहिल्या सात पानांत किमान एक येण्याची शक्यता सुमारे ४० टक्के. तीन प्रतींना ३१-३२, दोन प्रतींना २२, एका प्रतीला जेमतेम १२. म्हणजे चार प्रती असलेलं कार्ड बनवणाऱ्याला लवकर आणि वारंवार हवं आहे. दोन प्रतींचं कार्ड बहुधा महाग असतं किंवा लांबलेल्या गेमसाठी ठेवलेलं असतं. सुरुवातीला हातात दोन-दोन येऊन ती कुजली तर नुकसानच. एकाच नावाची दोन लेजेंडरी क्रीचर (क्रीचर म्हणजे हल्ला-बचाव करणारी कार्डं) तुमच्या बाजूला एका वेळी उभी राहू शकत नाहीत, म्हणून तिथेही चाराऐवजी दोन-तीन प्रती दिसतात.

आता एक डेक जवळून बघू. तो आज स्टँडर्डमध्ये चालत नाही, पण शिकायला फार चांगला आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये ब्लूमबरो संच आला आणि त्यानंतर बरेच महिने लाल उंदरांच्या आक्रमक डेकांनी स्टँडर्ड गाजवलं. त्यातलं मुख्य कार्ड हार्टफायर हिरो: एक मॅना, १/१ चा (ताकद १, टिकाव १) उंदीर. नवखा म्हणेल, याचं काय करायचं? पण तुमच्याच स्पेलने त्याला एका टर्नमध्ये पहिल्यांदा लक्ष्य केलं की त्याच्यावर कायमचा +१/+१ काउंटर (दोन्ही आकडे एकाने वाढवणारी खूण) बसतो. आता त्याच्या जोडीला मॉन्स्ट्रस रेज घ्या, तेही एकच मॅनाचं: टर्नपुरते +२/+०, वर +१/+१ आणि ट्रॅम्पल (अडवणाऱ्याला मारून उरलेलं नुकसान थेट खेळाडूला) देणारा, क्रीचरला चिकटणारा रोल टोकन. पहिल्या टर्नला हिरो, दुसऱ्या टर्नला रेज. काउंटरने २/२, रेजने ४/२, रोलने ५/३ आणि ट्रॅम्पल, शिवाय एक मॅना अजून हातात. सुटा बघितला तर क्षुल्लक वाटणारा उंदीर यादीत चार प्रतींनी का असायचा, हे आता दिसतं.

यादीत न दिसणारी गोष्ट यापुढे आहे. रेज कधी टाकायचा? समोरच्याकडे एक काळी लँड मोकळी आहे आणि त्याच्या हातात कट डाउन असू शकतं, जे लहान क्रीचर लगेच मारतं. तुम्ही रेज टाकला, त्याने उत्तरादाखल उंदीर मारला, तर तुमची दोन कार्डं गेली आणि त्याचं एक. तोच रेज त्याने सगळा मॅना खर्च केलेल्या टर्नला टाकला, तर त्याला उत्तरच उरत नाही. उंदीर मरताना आपल्या ताकदीइतकं नुकसान प्रतिस्पर्ध्याला करतो हे जमेस धरूनही हा सौदा पहिल्या वेळी वाईट आणि दुसऱ्या वेळी उत्तम. साठही कार्डं तीच घेतलेल्या दोघांपैकी एक जिंकत राहतो आणि दुसरा हरत राहतो, तो अशा जागी.

तेव्हा तुम्ही निवडलेल्या यादीतल्या प्रत्येक कार्डापुढे एका वाक्यात लिहून काढा: हे काय काम करतं, कितव्या टर्नला, कुणाच्या जोडीने. ज्या कार्डापुढे काही लिहिता येत नाही, त्याच्यावर नजर ठेवून खेळायचं.

पायरी ४: वाइल्डकार्डं जपून

अरीनात नको असलेलं कार्ड मोडून दुसरं करता येत नाही. वाइल्डकार्ड खर्च केलं की ते गेलं. कॉमन आणि अनकॉमन या साध्या दर्जांची भरपूर मिळतात. चणचण असते ती दुर्मिळ, म्हणजे रेअर दर्जाची. एक पाकीट १००० गोल्डचं, म्हणजे चुकीच्या डेकमध्ये घातलेली २०-२५ रेअर भरून यायला बराच काळ जातो.

म्हणून पहिला उचललेला डेक एकाच रंगाचा असावा असं माझं ठाम मत आहे. एकरंगी डेकला साध्या लँड पुरतात आणि त्या फुकट असतात. दोन-तीन रंगांच्या डेकमध्ये दुरंगी लँडच आठ-बारा रेअर खातात. पुढे दोन रंगांकडे जाल, तेव्हा त्या लँडवर केलेला खर्च मात्र वाया जात नाही. त्या रंगजोडीच्या प्रत्येक डेकमध्ये त्या लागतात.

बंदीचाही विचार करा. ३० जून २०२५ रोजी स्टँडर्डमधून एकदम सात कार्डं बाद झाली. हार्टफायर हिरो, मॉन्स्ट्रस रेज आणि कोरी-स्टील कटर त्यातलीच. बंदी आलेल्या कार्डांच्या बदल्यात अरीना त्याच दर्जाची वाइल्डकार्डं परत देतं, पण त्यांच्याभोवती तुम्ही जमवलेल्या बाकीच्या कार्डांचं काही मिळत नाही. कटर गेल्यावर त्याच्यासाठीच घेतलेली इतर रेअर तशीच पडून राहतात. एखादा डेक सगळीकडे दिसतोय आणि खेळाडू वैतागले आहेत असं वातावरण असेल, पुढच्या बंदीची घोषणा जवळ असेल, तर आठवडाभर हात आवरता घ्या. तसेच जुने संच ठरावीक काळाने स्टँडर्डबाहेर जातात. लवकरच बाहेर जाणाऱ्या संचातली दहा रेअर आज करण्यात अर्थ नाही.

पायरी ५: प्रत्यक्ष इम्पोर्ट

हे सोपं आहे. साइटवर अरीनासाठी यादी कॉपी करायचं बटण असतं, ते दाबा. अरीनात डेकच्या पानावर खाली इम्पोर्टचं बटण आहे, ते दाबलं की क्लिपबोर्डवरची यादी आपोआप घेतली जाते. प्रत्येक ओळीत संख्या, कार्डाचं नाव, कंसात संचाची खूण आणि क्रमांक असतो. यादी कुणी चॅटमध्ये पाठवली असेल तर वरखालचा इतर मजकूर काढून टाका, नाहीतर इम्पोर्ट अडतं.

नसलेली कार्डं असली तरी डेक तयार होतो आणि काय कमी आहे ते दिसतं. तिथे वाइल्डकार्डं खर्चून सगळी एकदम क्राफ्ट करायच्या फंदात पडू नका. एक-एक बघा.

पायरी ६: सगळी कार्डं नसतील तर

बदली कार्ड शोधताना एकच कसोटी: तेच काम, तेवढ्याच मॅनात. दोन मॅनात क्रीचर मारणारं कार्ड नसेल, तर दोन मॅनातच मारणारं दुसरं, थोडं कमी दर्जाचं घाला. चार मॅनाचं जबरदस्त कार्ड तुमच्याकडे आहे म्हणून ते त्या जागी ठोकलं, तर कर्व्ह मोडला.

दुरंगी रेअर लँडच्या जागी उतरताना वाकड्या होणाऱ्या (म्हणजे त्या टर्नला मॅना न देणाऱ्या) कॉमन लँड घालता येतात. कंट्रोल डेकला ते थोडंफार झेपतं. आक्रमक डेकला नाही: पहिल्या-दुसऱ्या टर्नला एक मॅना उशिरा मिळाला तर त्याचा सगळा डावच एक टर्न मागे पडतो.

ज्या कार्डावरून डेकला नाव पडलं आहे, त्याला बदली नसते. ते नसेल तर तो डेक सोडून दुसरा बघा.

पायरी ७: हात न लावता खेळा

सुरुवातीचे २०-२५ गेम रँक नसलेल्या साध्या रांगेत खेळा आणि यादीतलं एकही कार्ड बदलू नका. या काळात जिंकलात-हरलात याला महत्त्व नाही. तीन गोष्टी वहीत किंवा फोनवर टिपून ठेवा: सुरुवातीचा हात ठेवला की टाकला, कुठल्या टर्नला डाव फिरला, आणि हरताना हातात कुठली कार्डं अडकून पडली होती.

पहिल्या मुद्द्यावर नवख्यांचं सर्वांत जास्त नुकसान होतं. मलिगन, म्हणजे हात टाकून नवा, घेतला की पुन्हा सात पानं मिळतात आणि जितक्यांदा घेतला तितकी पानं तळाला ठेवायची असतात. एक पान कमी झाल्याची भीती वाटते, म्हणून लोक एका लँडचा हात "येईल पुढचं" म्हणत ठेवतात. हात चांगला की वाईट हे डेकवर ठरतं. उंदरांच्या डेकला दोन लँड, एक-एक मॅनाची दोन क्रीचर आणि एक रेज हा सुरेख हात. कंट्रोल डेकला तेवढ्याच दोन लँड आणि वर पाच-पाच मॅनाची कार्डं आली तर तो हात टाकायचा. ज्याची यादी घेतली त्याचे खेळतानाचे व्हिडिओ असतील तर ते बघा, पण हात दिसल्यावर व्हिडिओ थांबवा, स्वतः ठरवा आणि मग त्याने काय केलं ते बघा. याच्याइतका लवकर शिकवणारा दुसरा सराव मला माहीत नाही.

आणखी एक. स्वतःला प्रत्येक गेममध्ये विचारा: इथे हल्ला करणारा मी आहे की तो? आक्रमक डेक घेतला म्हणून कायम हल्लाच करायचा असं नाही. तुमच्यापेक्षा वेगवान डेक समोर आला तर तुम्हालाच थांबून बचाव करावा लागतो. यादी उचलणारे इथे हमखास चुकतात, कारण डेकच्या नावात "अ‍ॅग्रो" (आक्रमक) लिहिलेलं असतं.

पायरी ८: साइडबोर्ड

तीन गेमचे सामने खेळणार असाल तर यादीसोबत साइडबोर्डचं मार्गदर्शनही शोधा: कुठल्या डेकविरुद्ध काय आत, काय बाहेर. काय आत घ्यायचं ते सहज सुचतं. काय बाहेर काढायचं ते अवघड असतं. समोर क्रीचरच नसलेला कंट्रोल डेक असेल तर क्रीचर मारणारी कार्डं आधी काढा. मात्र डेकचा कणा असलेली कार्डं काढून सात-आठ "उतारे" भरले, तर तुमचा डेक कशासाठी होता हेच विसरून जाल. दोन ते चार कार्डं बदलली की बहुतेक वेळा पुरे.

पायरी ९: आता बदला

एवढं झाल्यावर तुमची टिपणं काढा. एकच कार्ड वारंवार हातात अडकत असेल, तर आधी तुम्ही ते चुकीच्या वेळी खेळत नाही ना हे तपासा. मूळ यादी बनवणाऱ्याने नंतर नवी आवृत्ती टाकली असेल तर दोन्ही शेजारी ठेवून बघा. त्याने काय काढलं आणि कशासाठी, यातून खूप कळतं. मग एका वेळी एक किंवा दोनच कार्डं बदला. पाच एकदम बदलली तर फरक कशाने पडला हे कधीच कळणार नाही. तुमच्या रँकवर एकच प्रकारचा डेक सारखा भेटत असेल, तर त्याच्यासाठी एखादं कार्ड मुख्य डेकमध्ये आणणं योग्य. ब्राँझ-सिल्व्हरमध्ये भेटणारे डेक आणि मिथिकमध्ये भेटणारे डेक सारखे नसतात, आणि तुम्ही घेतलेली यादी बहुधा वरच्या रँकसाठी जुळवलेली असते. खाली सगळे क्रीचरवाले डेक भेटत असतील, तर कंट्रोलविरुद्ध ठेवलेलं एखादं कार्ड खुशाल काढा आणि वर गेल्यावर परत घाला.

नवा संच आला की पहिल्या दिवसापासून "नवा राजा" म्हणून याद्या फिरू लागतात. त्यातल्या बऱ्याच दुसऱ्या आठवड्यापर्यंत टिकत नाहीत. तेवढे दिवस जुना डेकच चालवा, समोरच्यांकडे काय काय येतंय ते बघत राहा, आणि पहिल्या एक-दोन मोठ्या स्पर्धांचे निकाल लागल्यावर मगच रेअर वाइल्डकार्डांना हात घाला.